पाठीमागचा आवाज

टीव्हीवर जाहिरातींच्या मधेच एक बाई जरा गळा दाटल्यासारखा आवाज काढून म्हणाली की निरोपाची वेळ जवळ आली आहे, आणि बाहेरच्या खोलीत दाराकडं तोंड करून वाटाणे सोलत बसलेल्या ज्योतिबाच्या बोटांत शेंग अर्धी उकललेली तशीच राहिली. ‘उंबऱ्याआड’चे शेवटचे भाग, या आठवड्यात, साडेसात वाजता. मग लगेच भांडी घासायच्या साबणाची जाहिरात लागली. एरवी जाहिरात लागली की आतल्या खोलीत हालचाल व्हायची. त्याची बायको अनसाबाई गुडघ्यावर हात रेटून उठायची, सून धनश्री गॅसकडं जायची, कुणीतरी कुणाला तरी मीठ टाकलं का विचारायचं. आज दोघींपैकी एकही हलली नाही, हे ज्योतिबाला पाठीवर कळलं. पाठीवर कळणं ही त्याची नोकरीतली कमाई होती. शिरूर-दौंड एसटीवर कंडक्टरकी करताना तोंड पुढच्या काचेकडं असलं तरी मागच्या बाकड्यावर कोण उगीच खोकतंय, कुणाच्या पिशवीत कोंबडी आहे, न्हावऱ्याला चढलेली बाई भीमेचा पूल ओलांडेपर्यंत रडायची थांबेल की केडगावपर्यंत रडत जाईल, हे तो न वळता सांगायचा. माणूस कुठं चढलं आणि कुठं उतरणार एवढा एकच हिशेब त्यानं जन्मभर डोक्यात ठेवला, आणि रिटायर झाल्यावरही ती सवय गेली नाही. गल्लीतल्या प्रत्येक माणसाला तो मनात एक स्टॉप देऊन टाकत असे. आता या घरातल्या दोन बायका एकाच स्टॉपला उतरणार होत्या, आणि तो स्टॉप आला होता.

कारण त्या दोघींनी आपापलं उत्तर त्या एकाच मालिकेच्या खुंटीला टांगून ठेवलं होतं. खरं म्हणजे ही गोष्ट हसण्यासारखी होती, आणि ज्योतिबा पहिल्यांदा मनातल्या मनात हसलाही होता. पोरगा, रविराज, कोरेगाव भीमाच्या पुढं हायवेवर अपघातात गेला, सेकंड शिफ्टला जाताना, मोटारसायकलवरून. वर्ष झालं तसा ज्योतिबाचा भाऊ चांगदेव न्हावऱ्याहून येऊन बसला आणि म्हणाला की आता पोराचा टाक करून देवघरात बसवला पाहिजे, अकाली गेलेलं माणूस असं बिनजागेचं ठेवू नये, घराला त्रास होतो. धनगरांच्या घरात हे कुणी कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सोनाराकडून चांदीच्या पत्र्यावर घोड्यावर बसलेला वीर ठोकून घ्यायचा, जेजुरीला नेऊन देवाला भेटवायचा, हळद लावायची आणि खंडोबा-बिरोबाच्या रांगेत मांडायचा. त्या दिवसापासून पोरगं पोरगं राहत नाही, देव होतं. अनसाबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "ती सिरेल संपू द्या भाऊजी, मग बघू." चांगदेवाला वाटलं वहिनी चेष्टा करतेय. चेष्टा नाही हे कळल्यावर तो ज्योतिबाकडं बघत राहिला आणि ज्योतिबा गल्लीतल्या कुत्र्याकडं. पुढं चारदोन महिन्यांनी धनश्रीचा भाऊ सत्यजीत माहेरच्या राहू गावाहून आला. राहूला त्यांची शेती होती, दौंडला एक बरं स्थळ होतं, बायको गेलेला माणूस, रेल्वेत होता, आणि धनश्रीचं वय ते काय होतं. ज्योतिबानं स्वतःच सत्यजीतला सांगितलं की आमची काही आडकाठी नाही, पोरीला विचार. पोरगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पदराला हात पुसत म्हणाली, "दादा, आमची मालिका संपल्यावर सांगते." सासूनं काय सांगितलं होतं ते तिनं ऐकलेलं होतं की नाही देव जाणे. पण ‘आमची’ म्हणाली, ते ज्योतिबानं बरोबर ऐकलं.

आणि मालिका काही संपायला तयार नव्हती. मालिकावाल्यांना काय ठाऊक की शिरूरला बायपासच्या अलीकडं एका तीन खोल्यांच्या घरात त्यांच्या भरवशावर एक मेलेला पोरगा आणि एक जिवंत सून टिकून आहे. त्यात विश्वजीत नावाचा प्रोफेसर पुलावरून नदीत पडून मेलेला होता, पण तो मेलाय हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. तो रोज दिवेलागणीला घरी यायचा, नेहमीसारखा बोलायचा, बायको सायली तेवढी त्याला बघू शकायची आणि तीही त्याला सांगत नव्हती, कारण सांगितलं की तो जाणार होता. एवढीच गोष्ट. बाकी मांत्रिक, वाड्यातली विहीर, दुष्ट चुलती, जमिनीचा वाद, हा सगळा भाग वाढवायचा मसाला, हे ज्योतिबाला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. त्यानं मालिका कधी पाहिली नव्हती. सुरुवातीला तो म्हणाला होता की भुताखेतांचं असलं काही मला बघवत नाही, आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीकडं पाठ करून बसला. ते एकदा बोलून गेल्यावर आत जाऊन बसणं म्हणजे चढलेल्या गाडीतून मधेच उतरण्यासारखं झालं असतं. पण साडेसातला तो कुठं जातही नव्हता. पारावरच्या म्हाताऱ्यांनी चिडवून पाहिलं, बाळासो न्हाव्यानं तर तोंडावर सांगितलं की ज्योतिबाआबाला साडेसातला घरात कुणीतरी दोरीनं बांधतं. ज्योतिबानं त्याच्याकडं दाढी करायचं बंद केलं नाही, एवढंच.

तो ऐकायचा ते खरं तर मालिकेला नाही, बायकांना. रविराज गेल्यापासून या दोघी एकमेकींशी त्याच्याबद्दल एक शब्द बोलल्या नव्हत्या. अनसाबाईला वाटे सुनेला रडवू नये, सुनेला वाटे सासूला रडवू नये, आणि ज्योतिबाच्या हिशेबानं दोघींनी एकमेकींना न रडवण्यात जेवढी ताकद घातली तेवढ्यात चार माणसं धडधडीत रडून मोकळी झाली असती. पण साडेसातला दोघींची तोंडं उघडायची. "त्वांड उतरलंय आज त्याचं," अनसाबाई म्हणायची, "जेवला न्हाई वाटतं." तो प्रोफेसर भूत होता, त्याला कसलं जेवण, पण धनश्री म्हणायची नाही हो आत्या, तो संध्याकाळी असाच दिसतो, थोडं बसू द्या, मग बोलंल. थंडीच्या दिवसांत अनसाबाईनं विचारलं होतं की त्याला त्या पातळ सदऱ्यात गारवा लागत नसंल का. आणि एकदा धनश्री सहज, भाजी चिरता चिरता बोलून गेली, "कँटीन बंद असंल आत्या आज, म्हणून लवकर आला." त्या विश्वजीतच्या कॉलेजात कँटीन कधी दाखवलेलं नव्हतं. कँटीन रविराजच्या कंपनीत होतं. अनसाबाई तेवढंच सहज म्हणाली, "व्हय, मंगळवार न्हाई का." बाहेर ज्योतिबानं पाठ ताठ केली. मंगळवारी कंपनीचं कँटीन लवकर बंद व्हायचं ते बरोबर होतं. त्या दिवसापासून तो रोजच्या त्या अर्ध्या तासाची वाट बघायला लागला, आणि तेव्हाच कधीतरी, त्याच्या नकळत, त्या न पाहिलेल्या विश्वजीतला त्यानं तोंड देऊन टाकलं. सावळं, उजव्या भुवईत लहानपणच्या खोकेची फट, हसताना आधी डोळे बारीक होणारं. आवाज पाठीमागून यायचा, तोंड त्याच्याजवळ तयार होतं. दोन्ही जुळवायला फार कष्ट पडले नाहीत.

तो आठवडा घरात सगळं जास्त नीट चाललं होतं. अनसाबाईनं डबे घासले, धनश्रीनं रविराजचं कपाट उघडून पुन्हा बंद केल्याचा आवाज ज्योतिबाला दोनदा आला. भाग चालू असताना दोघी आता फारशा बोलत नव्हत्या. पाहुणा उठायला लागला की बसा म्हणायचं की नाही हे कळत नाही तशा गप्प होत्या. चांगदेवाचा फोन आला. त्याच्याही घरी मालिका बघत होते, त्यामुळं त्याला तारीख सांगावी लागली नाही. तो म्हणाला टाक मी करूनच ठेवलाय दादा, मागच्याच महिन्यात, सोनार ओळखीचा होता. शनिवारी घेऊन येतो. ज्योतिबानं बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर त्याला भावाचा राग आला, मग राग येण्यासारखं त्यात काही नाही असं वाटलं, मग वाटलं की हा माणूस महिनाभर माझा पोरगा शर्टाच्या खिशात घालून हिंडतोय. शुक्रवारी सत्यजीतचा फोन धनश्रीनं स्वतः घेतला, परसात जाऊन. आत आली तेव्हा अनसाबाई तिला म्हणाली की ती निळी साडी इस्त्री करून ठेव, प्रवासात बरी पडती. कसला प्रवास, हे धनश्रीनं विचारलं नाही. साडी मात्र तिनं इस्त्री केली, आणि गरम कापडाचा वास बाहेरच्या खोलीपर्यंत आला, आणि ज्योतिबाला रविराजचा कंपनीचा निळा शर्ट आठवला, ज्याची बाहीवरची घडी त्या पोराला कधी नीट जमली नाही.

दुपारी निघायचा तो. गाडी गेटबाहेर काढून, एक पाय जमिनीवर टेकून, वळून म्हणायचा, "आबा, डबल मारा." लहानपणी बापाबरोबर दौंडपर्यंत गाडीत बसून यायचा तेव्हा दोरी ओढायचा हट्ट धरायचा, एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे त्याला अक्षरं यायच्या आधी येत होतं. मोठा झाला, मिशी आली, लग्न झालं, तरी ती चेष्टा चालूच राहिली. आणि ज्योतिबाही वर्तमानपत्र बाजूला ठेवून गेटच्या लोखंडी पट्टीवर अंगठीनं दोनदा टकटक करायचा. त्या दुपारीही केली होती. त्यात काही चुकलं नव्हतं, त्यानं ते अनेकदा तपासून पाहिलं होतं. बेल बरोबर दिली होती. गाडी बरोबर सुटली होती.

शनिवारी चांगदेव दिवस मावळायच्या आधी आला. हातात मेथीची जुडी आणि खिशात ती पुडी. पुडी कुणी काढ म्हणालं नाही, त्यानंही काढली नाही. चहा पिताना खिशावर हात ठेवून बसला. साडेसात वाजत आले तशी धनश्री बाहेर आली आणि काही न बोलता ज्योतिबाची खुर्ची उचलायला लागली. तो तिच्यावर बसलेला असल्यामुळं ती उचलली गेली नाही. "आबा," ती म्हणाली, "आज आत बसा." एवढे दिवस ती दोघं एकाच घरात कामाचंच बोलत आली होती, गॅस आला का, गोळी घेतली का. हे काम नव्हतं. तो उठला. ती खुर्ची घेऊन पुढं गेली आणि तिनं ती टीव्हीच्या समोर, अनसाबाईच्या शेजारी ठेवली. बसताना ज्योतिबानं खालीच बघितलं. फरशीवर एक वाटाणा पडलेला होता, कधीचा तरी, वाळून सुरकुतलेला. गाणं संपलं. पाठीमागून येणारा आवाज आता समोरून यायला लागला, ओळखीचा, थोडा घोगरा, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा. आवाज म्हणाला की सायली, आज घरात एवढे दिवे का लावलेत. ज्योतिबानं मान वर केली.

गोरा माणूस होता. दाढी कोरलेली, भुवया बायकांसारख्या सारख्या केलेल्या, केस कपाळावर मुद्दाम सोडलेले. चांगला होता, दिसायला काही वाईट नव्हता, लग्नाच्या पत्रिकेवर छापावा असा. ज्योतिबाला आधी हलकंच वाटलं. हा आपला नव्हेच. हा कुणाचा कोण, जाऊ दे की याला, याच्यासाठी एवढा आटापिटा. मग त्या गोऱ्या माणसानं तोंड उघडलं आणि रविराजच्या आवाजात बोलला. ज्योतिबानं डोळे मिटले, म्हणजे जुनं तोंड परत येईल म्हणून. तोंड आलं, सावळं, भुवईत फट असलेलं, पण ते हलेना. मग त्यानं टीव्हीतल्या आवाजाशिवाय रविराजला आठवून पाहिलं, खराखुरा आवाज, जो गेटमधून यायचा, आणि तिथं काही नव्हतं. दोरी ओढावी आणि पुढं घंटाच नसावी तसं. आबा, डबल मारा. शब्द होते, पण ते या नटाच्या गळ्यातून येत होते, वाक्याच्या शेवटी खाली उतरत. एवढ्या संध्याकाळी पाठ करून बसून त्यानं स्वतःच्याच हातानं एकाच्या जागी दुसऱ्याला बसवून घेतलं होतं, आणि जागा ज्याची होती तो मधेच कुठंतरी उतरून गेला होता. जन्मात कुणी त्याच्या गाडीतून त्याला न कळता उतरलं नव्हतं.

पडद्यावर सायलीनं सांगितलं. फार वेळ लावला, हातात हात घेतला, वाजंत्री वाजली, पण शेवटी सांगितलं की तुम्ही गेलात, पावसाळ्यातच गेलात. तो माणूस तिच्याकडं बघत राहिला. चिडला नाही, रडला नाही, उंबऱ्याकडं चालायला लागला आणि उंबरा ओलांडल्यावर दिसेनासा झाला, आणि नावं वर सरकायला लागली, शेकडो नावं, एवढ्या माणसांनी मिळून त्याला इतके दिवस धरून ठेवलं होतं. कुणी टीव्ही बंद केला नाही. जाहिरात लागली. अनसाबाई म्हणाली, "आणा भाऊजी." चांगदेवानं पुडी काढली. तिनं ती स्वतः उघडली आणि तो चांदीचा तुकडा तळहातावर घेऊन दिव्याखाली धरला. घोडा, घोड्यावर वीर, हातात तलवार. तोंडाच्या जागी एक फुगवटा आणि दोन ठिपके. सगळ्या घरच्या सगळ्या वीरांना सोनार तोच ठसा वापरतो. तिनं घोड्यावरून अंगठा फिरवला. "ह्याला घोडा कुणी दिला," ती म्हणाली, "हा तर जत्रंतल्या घोड्याला बघून माझ्या पदराखाली शिरायचा." चांगदेव हसला आणि मग त्याला कुठं बघावं कळेना. ती धनश्रीकडं वळली. "शिरायचा का न्हाई गं? तुला सांगितलं व्हतं का कवा त्यानं?"

"नाही आत्या," धनश्री म्हणाली. "मला सांगायचा की घोड्यावर बसून फोटो काढलेला आहे म्हणून."

"खोटारडा," अनसाबाई म्हणाली, आणि तो शब्द उच्चारताना ती जी रडायला लागली ती थांबेना, आणि धनश्री तिच्याजवळ खाली बसली आणि दोघी त्या खोटारड्याबद्दल बोलत रडत राहिल्या, नाव घेऊन, रवी असा आणि रवी तसा. मालिकेतला कुणी त्यात नव्हता. ज्योतिबा खुर्चीत बसून ऐकत होता. ऐकण्यासारखं खूप होतं, नवीन होतं, पण ते सगळं त्यांच्या आवाजात होतं. त्याला विचारायचं होतं की तो बोलायचा कसा. जाड की बारीक, घाईनं की सावकाश. बापानं असं काही विचारणं म्हणजे काय विचारणं झालं ते त्याला कळत होतं. त्यानं उठून रिमोट शोधला आणि टीव्ही बंद केला.

टाक जेजुरीला भेटवून आणला आणि देवघरात बसवला. अनसाबाई सकाळी सगळ्या देवांना पाणी घालते तेव्हा त्यालाही घालते, आणि इतर देवांना नमस्कार करते तेव्हा त्याला करावा की नाही हे तिचं अजून ठरलेलं नाही. हात अर्धे उचलून ठेवते. साडेसातला नवीन मालिका लागली, एका हॉटेलवाल्या कुटुंबाची. कुणी लावली नाही. मग सत्यजीत धनश्रीला न्यायला गाडी घेऊन आला. त्याच्याबरोबर दौंडच्या त्या स्थळाकडचं कुणी नव्हतं, तेवढी समज त्याला होती. तो ज्योतिबाच्या पाया पडला, मामा, काळजी करू नका म्हणाला, आणि बॅगा डिकीत ठेवायला लागला. अनसाबाईनं धनश्रीची ओटी भरली, आपल्या हातानं, लेकीची भरावी तशी, आणि निळ्या साडीचा काठ उगीचच सरळ केला. शेजारणी दारात उभ्या होत्या. धनश्री गाडीत बसली. सत्यजीतनं गाडी सुरू केली, पण पुढं घेतली नाही. बहिणीकडं बघितलं, तिनं समोर बघितलं. ज्योतिबा गेटला हात धरून उभा होता. पाठ करून बसायला आज खुर्चीही बाहेर नव्हती, आणि असती तरी त्याचा पाठीवर आता भरवसा राहिला नव्हता.

काच खाली झाली. धनश्रीनं मान बाहेर काढली. डोळे सुजलेले होते, पण तोंडावर दुसरंच काहीतरी होतं, चोरून घेतलेलं काही परत करताना असतं तसं.

"आबा," ती म्हणाली, "डबल मारा."

आवाज तिचाच होता. पण पहिला शब्द लांबवलेला आणि दुसरा झटकन तोडलेला, आणि ‘मारा’ वर चढत जाणारं, प्रश्न विचारल्यासारखं, बाप खरंच मारेल की नाही याची अजून खात्री नसल्यासारखं. वर चढत जायचा तो. खाली नव्हे. वर. तीन वर्षं संसार केला होता तिनं त्या आवाजाशी, तिच्याजवळ तो असणारच, कुणाला विचारायचं सुचलं नव्हतं एवढंच. ज्योतिबानं डोळे मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांनी, भर दुपारी, गल्ली, गाडी, शेजारणी, सगळं समोर असताना त्याला ते ऐकू आलं, आणि आलं तसं गेटमधून निघूनही चाललं.

धरून ठेवायचं तर बेल एकदाच वाजवायची. तो हिशेब त्याच्या हाताला जन्मभराचा ठाऊक होता.

त्यानं अंगठीचं बोट उचललं, आणि गेटच्या पट्टीवर दोनदा मारलं.